शिडी कोणाकडे आहे?

त्या गल्लीत एकच शिडी होती, आणि ती कोणाच्या मालकीची हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की तीन घरं एकदम तोंड उघडायची. बेकरीवाला म्हणायचा, माझ्या आजोबांनी केली. कोपऱ्यावरची शिंपीण म्हणायची, लाकूड आमच्या सासऱ्यांनी आणलं, याच्या आजोबांनी नुसते खिळे ठोकले, आणि तेही वाकडे. दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की आमचे वडील त्या शिडीवरून पडले होते, तेव्हा हक्क आमचाच सगळ्यांत मोठा. हा वाद कधी मिटला नाही. खरं सांगायचं तर तो मिटावा असं कोणाला वाटतही नव्हतं.

शिडी उंच, जड, आणि तिची एक पायरी वेगळ्याच लाकडाची. तिची रीत अशी, की ज्याने शेवटची वापरली त्याच्याच घरी ती राहायची. मालकच नाही म्हटल्यावर परत तरी कोणाला करणार? मग दिवा बदलायचा असो, पोटमाळ्यावरची ट्रंक काढायची असो, नाहीतर मांजर पत्र्यावर जाऊन बसलेलं असो, घराबाहेर पडायचं आणि पहिलं दार वाजवायचं. "शिडी कोणाकडे आहे?" तिथे कळायचं, शिंपिणीकडे होती. शिंपीण म्हणायची, होती बाई, पण ती बेकरीत गेली, आता आलीच आहेस तर ही बाही कशी बसलीय तेवढं बघ. बेकरीत गरम पाव हातावर पडायचा. शिडी हाताला लागेपर्यंत कोणाची कंबर धरलीय, कोणाची लेक रुसून माहेरी आलीय आणि कोणाचं जमलेलं मोडता मोडता राहिलंय, सगळं समजलेलं असायचं. दिवा बदलायला पाच मिनिटं आणि शिडी आणायला अख्खी संध्याकाळ, असा तो हिशोब.

बहुतेक वेळा हा शोध तात्यांच्या दारात संपायचा. तात्या म्हणजे कुलपं दुरुस्त करणारे म्हातारे. गल्लीच्या अगदी टोकाला एकटे राहायचे. दार उघडायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "शिडी? माझ्याकडे नाही बुवा. पण बस, चहा घे, कोणाकडे आहे ते आठवून सांगतो." चहा व्हायचा, बिस्किटांचा डबा उघडायचा, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी व्हायच्या. मग तुमचा कप रिकामा झाला की तात्या कपाळावर हात मारायचे. "अरे, मागच्या पडवीत तर उभी आहे." दर खेपेला हेच. वय झालं, विसरतात बिचारे, असं म्हणत लोक शिडी खांद्यावर घेऊन घरी जायचे.

आता चिटणीसबाईंकडे येऊ, कारण ही सगळी भानगड त्यांनीच केली. बाई गल्लीच्या इतिहास मंडळाच्या चिटणीस. त्यांचं खरं नाव हाक मारून मारून झिजलं नव्हतं, उलट कोणी हाकच मारत नसल्यामुळे ते कपाटातल्या ठेवणीच्या साडीसारखं कोरं राहिलं होतं. मंडळाला पालिकेने कोपऱ्यावरची एक मोठी खोली वापरायला दिली होती. तिथे जुने फोटो लावायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करून त्यांच्या आठवणी टेपवर घ्यायच्या, आठवड्यातून एकदा कोणीतरी कशावर तरी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता डुलक्या काढायच्या, असं कार्य चाले. हसायला काय जातंय? पण नवरा गेल्यानंतर बाईंनी जी अंथरूण धरल्यासारखी दशा करून घेतली होती, तिच्यातून त्यांना बाहेर काढलं ते या खोलीने. रोज सकाळी उठून कुलूप उघडायला जायचं आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

त्यामुळे पालिकेचा निरोप आला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पालिकेचं म्हणणं, तुमच्या मंडळाचा वस्तीला उपयोग काय, ते आमच्या अधिकारीबाई येऊन बघणार. उपयोग दिसला तर खोली तुमची. नाही दिसला तर तिथे पालिकेची मोडकी बाकं ठेवायची.

"मोडकी बाकं," चिटणीसबाई रात्री जेवताना नणंदेला म्हणाल्या. "म्हणजे आपल्यापेक्षा मोडक्या बाकांचा उपयोग जास्त."

"त्यांच्यावर निदान बसता तरी येतं," नणंद म्हणाली. ही नणंद लग्नाच्या फंदात पडली नव्हती. भाऊ गेल्यापासून दोघी एकत्रच राहत होत्या. तिची जीभ म्हणजे धार लावून ठेवलेली विळी, पण कापायची ती बहुधा योग्य जागी.

मंडळाची तातडीची सभा झाली. दातांचे डॉक्टर अध्यक्ष होते. ते म्हणाले, एक प्रदर्शन मांडू, फोटो आहेत, टेपा आहेत, पण मधोमध अशी एक वस्तू पाहिजे की जिच्यात सगळी गल्ली दिसेल. शिंपिणीने सासऱ्यांची कात्री सुचवली, बेकरीवाल्याने आजोबांचं परातीएवढं घड्याळ. भांडण पेटणार तेवढ्यात चिटणीसबाईंच्या तोंडून निघून गेलं, "शिडी." इतकं बरोबर कोणालाच सुचलं नव्हतं. मधोमध शिडी म्हटल्यावर तिन्ही घरं एकदम खूश.

शिडी तेव्हा अर्थातच तात्यांकडे होती. बाई आणायला गेल्या, तर त्या दिवशी तात्यांनी विसरायचं सोंगही केलं नाही. मंडळाचं काम आहे ऐकल्यावर स्वतः पडवीतून शिडी काढली, फडक्याने पायरी न् पायरी पुसली आणि म्हणाले, "बरं झालं. मार्गी लागली."

मग मंडळाने जो शहाणपणा केला तो मंडळानेच करावा. खोलीला रंग देणं चाललं होतं, रंगाऱ्यांचा उभं राहून काम करायचा लाकडी घोडा आत होताच. शिडीला पॉलिश झालं. डॉक्टर म्हणाले, प्रदर्शनातली वस्तू कोणाच्या हाताला लागता कामा नये, मोठ्या संग्रहालयात तसंच असतं. म्हणून रंगाऱ्यांनी घोड्यावर चढून ती पार छताजवळ, आडवी, भक्कम आकड्यांवर अडकवून दिली. खाली चिटणीसबाईंनी आपल्या वळणदार अक्षरात पाटी लावली: आपल्या गल्लीची शिडी. कृपया हात लावू नये. वर एक झोकदार दिवा सोडला. रंगारी घोडा घेऊन गेले. बाई मान वर करून बघत राहिल्या आणि त्यांना वाटलं, आता बघू कोण बाकं आणून ठेवतंय ते.

पुढचे काही आठवडे त्या मांडामांडीत इतक्या बुडाल्या, की गल्लीत काही बदललंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

अधिकारीबाई यायच्या होत्या त्याच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, शिडीवरचा दिवा गेला. बघता बघता सगळी भिंत अंधारी झाली आणि शिडी अडगळीत टांगल्यासारखी दिसायला लागली. बाईंनी नवा दिवा आणला, पण छत उंच. सवयीने पाय बाहेर पडले. बेकरीत जाऊन त्यांनी विचारलं, "शिडी कोणाकडे आहे?"

बेकरीवाला आधी बघतच राहिला. मग असा हसला की हातातला पिठाचा डबा खाली ठेवावा लागला. "बाई, तुमच्याच भिंतीवर आहे की. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"आहे रे, पण ती काढायला शिडी पाहिजे ना," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांचं लक्ष भिंतीला टेकून ठेवलेल्या नव्या पाटीकडे गेलं. पाटी रंगून तयार होती, आणि वर चढवायला शिडी नाही म्हणून तशीच धूळ खात होती. कोणाला सांगायचं, मंडळाच्या वस्तूला हात कसा लावायचा, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी आलात हो." तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, की बेकरीत त्या रोज पाव घ्यायला येत होत्या, पण खिडकीशी. आत आल्या नव्हत्या.

एखादं उंच स्टूल मिळतंय का बघायला त्या पुढे निघाल्या. शिंपिणीच्या लेकीला बाळ झालेलं होतं, आणि बाईंना पत्ताच नव्हता. शिंपीण फुरंगटली होती. म्हणाली, सांगायला कोण येतंय आणि ऐकायला कोण. बाईंना स्वतःची लाज वाटली. गल्लीचा शंभर वर्षांचा इतिहास आपण तोंडपाठ केला आणि शेजारचं तान्हं पोर आपल्याला ठाऊक नाही.

शेवटी त्या तात्यांच्या दारात पोचल्या. दार वाजवल्याबरोबर उघडलं, जणू मागेच कोणी उभं होतं. "शिडी?" तात्या म्हणाले, "माझ्याकडे..." आणि मग थांबले. आठवलं त्यांना. "ये, ये. आत ये."

आत टेबलावर दोन कप पालथे घालून ठेवलेले होते. बिस्किटांचा डबा शेजारी, त्यावरचा कागद अजून न फाडलेला. तात्यांनी चहा टाकला. स्टूल त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी उद्याच्या तयारीची चौकशी केली, शिडी छान दिसतेय असं कानावर आलंय म्हणाले, तक्रारीचा एक शब्द नाही. फक्त बाई उठल्या तेव्हा म्हणाले, "इतक्यात? अजून काही आठवायचं असेल तर बस." आपलं आपणच हसले, पण ते हसू काही बाईंना बघवेना.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल न काढताच नणंदेला सगळं सांगितलं. "वन्सं, तात्यांना आता विसरायलाही काही उरलं नाही हो."

नणंद भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "वहिनी, गल्लीतल्या प्रत्येक कुलपाची किल्ली ज्या माणसाला डोळे मिटून ओळखता येते, तो पडवीतली शिडी विसरेल असं तुला खरंच वाटत होतं?"

चिटणीसबाई तिच्यासमोर खाली बसल्या. इतकी वर्षं ती शिडी सापडायला वेळ का लागायचा हे त्यांना आत्ता कळलं. सगळी गल्ली ज्याची कीव करत होती, तो म्हातारा चहापुरती माणसं थांबवून धरत होता. आणि आपण वाजतगाजत जाऊन त्याच्या दारावरची टकटकच उचलून आणली. नुसती आणली नाही, छताला टांगली आणि खाली लिहिलं, हात लावू नये.

"उद्या ती अधिकारीबाई येतेय," त्या म्हणाल्या. "शिडी काढली तर प्रदर्शनात राहिलं काय? खोली गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे, सांगा ना."

"ते मला नाही माहीत," नणंद म्हणाली. "पण तुझ्या त्या पाटीवर लिहिलंय गल्लीची शिडी. मग गल्लीत राहू दे."

सकाळी दोघी जाऊन कामाला लागल्या. टेबलावर टेबल, त्यावर अध्यक्षांची खुर्ची, आणि खुर्चीवर नणंद, कारण वहिनीला उंचीची भीती. तेवढ्यात कडक इस्त्रीचे कपडे घालून डॉक्टर आले. ते दारातच थबकले. मग म्हणाले, "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. ती बाई तासाभरात इथे येईल, आणि आपण तिला रिकामी भिंत दाखवायची?"

"डॉक्टर, तुम्ही आधी टेबल धरा," नणंद वरून म्हणाली. "मी पडले तर तुमच्या वडिलांचा हक्क मागे पडेल."

डॉक्टरांनी टेबल धरलं. नणंदेने आकड्यांवरून शिडी उचलली, दोघांनी मिळून ती खाली घेतली, आणि ती जमिनीला टेकते न टेकते तोच बेकरीवाला दारात उभा. त्याला कुठून वास आला कोण जाणे, पण पाटी चढवायला तो शिडी घेऊन पसार झालासुद्धा. बाईंनी जुनी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: शिडी बाहेर गेली आहे. कोणाकडे आहे ते विचारत जावे. घाईत त्यांचं ते प्रसिद्ध वळण काही साधलं नाही.

अधिकारीबाई वेळेवर आल्या. सोबत एक कारकून होता. फोटो बघितले, टेपेवरचा एक आवाज ऐकला, बरं बरं म्हणाल्या. मग रिकाम्या भिंतीसमोर येऊन पाटी वाचली. "मुख्य वस्तू हीच होती ना?"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. चिटणीसबाई म्हणाल्या, "हो. पण ती इथे टांगली आणि गल्लीतल्या माणसांचं एकमेकांकडे जाणं बंद पडलं. चूक माझीच. म्हणून आज काढली. आता बघायची तर आपल्याला विचारत जावं लागेल."

अधिकारीबाईंनी घड्याळ बघितलं, कारकुनाकडे बघितलं. "चला," त्या म्हणाल्या. "फार लांब नसेल ना?"

लांब नव्हतं, पण वेळ लागला. बेकरीवाल्याची पाटी चढून झाली होती, शिडी पुढे गेली होती. त्याने सगळ्यांच्या हातावर पाव ठेवले आणि आजोबांनी ती कशी केली ते सांगितलं. शिंपिणीकडे कळलं, की आजोबांनी नुसते वाकडे खिळे ठोकले. शिवाय तिथे बाळ बघावं लागलं, आणि बाळाने अधिकारीबाईंचं बोट धरलं ते सोडेना. शिडी तिथून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून पत्र्यावरच्या मांजरासाठी, असं करत सकाळपासून फिरत होती. आठवड्यांची खोळंबलेली कामं लोक उरकून घेत होते. प्रत्येक दारात एक माणूस वाढायचा. शिडीवरून पडलेल्या वडिलांची गोष्ट डॉक्टरांनी भर रस्त्यात साभिनय सांगितली, आणि कारकून, जो सकाळपासून जांभया आवरत होता, विचारायला लागला की मग पुढे काय झालं. चिटणीसबाई सगळ्यांच्या मागून चालत होत्या. खोली राहते की जाते ही धास्ती होतीच, पण त्याच वेळी गल्लीत इतके आवाज ऐकून बरंही वाटत होतं.

अशी ती वरात तात्यांच्या दारात आली. अधिकारीबाईंनी स्वतः दार वाजवलं. "शिडी तुमच्याकडे आहे का हो?"

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्या मागे पडवीचं दार सताड उघडं होतं, आणि त्यातून शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या, सकाळच्या उन्हात पॉलिशने चकाकत होत्या.

"शिडी?" तात्या म्हणाले. "माझ्याकडे नाही बुवा. पण या, बसा. चहा घेऊ. आठवून सांगतो."

कारकून बोट दाखवणार होता. अधिकारीबाईंनी त्याचा हात हळूच खाली केला. त्यांनी त्या दोन पायऱ्यांकडे पाहिलं, टेबलावरच्या कपांकडे पाहिलं, मग चिटणीसबाईंकडे. चिटणीसबाई आपल्या पायांच्या बोटांकडे बघत उभ्या होत्या, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं. "काही घाई नाही, आजोबा," अधिकारीबाई म्हणाल्या आणि चपला काढून आत जाऊन बसल्या. "आठवा सावकाश."

कप पुरले नाहीत. शेजारून आणले. बिस्किटांच्या डब्याचा कागद फाडला गेला आणि डबा रिकामाही झाला. दुसरा चहा होईपर्यंत अधिकारीबाईंनी कारकुनाला सांगून टाकलं होतं, की मोडक्या बाकांसाठी दुसरी जागा बघा, ही खोली इतिहास मंडळाकडेच राहू दे. मग तात्यांनी कपाळावर हात मारला आणि सगळे पोट धरून हसले. तात्या सर्वांत जास्त.

रिकाम्या भिंतीवर ती पाटी तशीच राहिली. बाहेरचे लोक बघायला आले की मंडळ त्यांना गल्लीत सोडून देतं, आणि ते दुपारपर्यंत परत येत नाहीत.

पुढे पावसापाण्याच्या आधी चिटणीसबाईंच्या घरातला दिवा गेला, तेव्हा शिडी त्यांच्याकडे आली. दिवा बदलून झाला. दोन दिवसांनी, नणंद बाजारात गेलेली, घर गप्प, आणि बाई एकट्याच खिडकीशी बसलेल्या असताना दार वाजलं. शिंपीण होती, कडेवर नातू. "चिटणीसबाई, शिडी कोणाकडे आहे?"

शिडी बाईंच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती.

"शिडी?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नाही बाई. पण ये, बस. चहा टाकते."